विज्ञानाच्या शिक्षकांचे घरी येणारे पत्र मराठीत का हवे?

शाळा घराशी बोलते ती बहुतेक वेळा दोनच प्रसंगी : शुल्क भरायचे राहिले तर, आणि मुलांचे गुण घसरले तर. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात वर्गात काय चालले आहे, मुलगी सध्या कोणता घटक शिकते आहे, पुढच्या महिन्यात कोणता शिकणार आहे, हे घराला सहसा कळत नाही. काही शाळांतले विज्ञानाचे शिक्षक मात्र दर महिन्याला किंवा दर सत्राला पालकांसाठी एक पत्रक काढतात. झालेला अभ्यास, येणारे घटक, प्रयोगासाठी लागणाऱ्या वस्तू, चाचणीची वेळ असा मजकूर त्यात असतो. पूर्वी ते दप्तरातून येई, आता मोबाइलवर येते. प्रथा उत्तम आहे, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या अनेक मराठी वस्त्यांत हे पत्रक येते ते बहुधा इंग्रजीत, क्वचित त्या त्या राज्याच्या भाषेत. ज्या आईने ते वाचायचे, तिच्या भाषेत ते येत नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी मराठी घराला पाठवलेले पत्र मराठीतही असले पाहिजे, मग शाळेचे माध्यम कोणतेही असो. आणि आपल्या भाषिक हक्कांच्या यादीत या मागणीला फलकांच्या व सरकारी परिपत्रकांच्या मागणीइतकेच वरचे स्थान मिळाले पाहिजे.

विज्ञानच का, असे कुणी विचारील. कारण घर मुलांच्या अभ्यासातून सर्वांत आधी हद्दपार होते ते विज्ञानाच्या तासाला. पाचवी-सहावीपर्यंत आई किंवा आजोबा अभ्यास घेतात. सातवी-आठवीत पुस्तकातली परिभाषा दाट होते, आणि घरातली माणसे एकेक करून मागे सरतात. आपल्याला यातले काही कळत नाही, अशी त्यांची समजूत होते. मुलांचीही तीच समजूत होते, आणि ती अधिक घातक असते. आपल्या आईच्या भाषेत विज्ञान नसते, असा धडा त्या वयात मूल न शिकवता शिकून जाते. पुढे ते मूल मराठीत कविता वाचील, कदाचित मोर्चालाही येईल. पण विचार करण्याची भाषा म्हणून मराठीवर त्याचा भरवसा उरणार नाही.

वास्तविक ज्या घराला आपण अज्ञानी समजतो, त्या घरात विज्ञानाची प्रयोगशाळा रोज चालू असते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची रीत याच गुणधर्मावर उभी आहे. आम्लारीच्या स्पर्शाने रंग बदलणाऱ्या पदार्थाला पुस्तकात दर्शक म्हणतात, एवढाच काय तो फरक. तांब्याचे काळवंडलेले भांडे चिंचेने लख्ख होते, कारण चिंचेतले आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ शिजवायचा तर आधी कल्हई हवी, हा आजीचा दंडक याच रसायनाची दुसरी बाजू आहे. गुऱ्हाळावर उसाच्या रसात चुना घालतात तो रसातली आम्लता मारण्यासाठी. त्यामुळे मळी वर येऊन काढून टाकता येते आणि गूळ चांगला उतरतो. पाठ्यपुस्तकातले उदासिनीकरण ते हेच. बैलगाडीच्या जुन्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवत आणि पाणी ओतून निववत, म्हणजे ती आकसून चाकाला घट्ट आवळे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्या बापाला हेही माहीत असते की ओतलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून साच्यासाठीचा नमुना मूळ मापाहून किंचित मोठा करावा लागतो. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे अथणीपर्यंत पोचताना किती आटतो, हे आपला शेतकरी पिढ्यान् पिढ्या पाहत आला आहे. पर्जन्यछाया हा शब्द तेवढा त्याने ऐकलेला नसतो.

तेव्हा घराकडे अनुभव आहे आणि शाळेकडे त्या अनुभवाचे नाव आहे. या दोहोंना जोडणारा दोरा भाषेचा असतो. विज्ञान-शिक्षकांचे मराठी पत्र हा तो दोरा आहे.

सीमाभागात आणि बृहन्महाराष्ट्रात या पत्राची गरज महाराष्ट्राहूनही अधिक आहे, याचे एक कारण आपल्या चर्चेत फारसे येत नाही. शेजारच्या भाषांनीही आपली परिभाषा संस्कृतातूनच घडवली. पण एकच संस्कृत शब्द वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळ्या अर्थाने घेतला. मराठीत धातू म्हणजे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचा वर्ग. कन्नड पाठ्यपुस्तकात धातू म्हणजे मूलद्रव्य, आणि आपल्या धातूला तिथे लोह म्हणतात. म्हणजे कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाने घरी येऊन ‘प्राणवायू हा धातू आहे’ असे सांगितले, तर ते कन्नडनुसार बरोबर आणि मराठीनुसार चूक असते. इंदूर-ग्वाल्हेरकडे याहून गमतीचा, पण मुलांना रडवणारा घोटाळा होतो. मराठीत पेशी म्हणजे जीवाचा सूक्ष्मतम घटक. हिंदीत त्याला कोशिका म्हणतात, आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द तिथे अल्कासाठी वापरतात. आजोबांनी महाराष्ट्रातल्या जुन्या पुस्तकावरून समजावून सांगावे आणि नातवंडाने उत्तरपत्रिकेत तेच लिहून गुण गमवावेत, असे घडले तर दोष कुणाचाच नसतो. पण त्यानंतर नातवंड आजोबांना विचारणे सोडून देते. शिक्षकांच्या पत्रात ‘या घटकात वर्गात अमुक शब्द वापरतो, मराठीत त्याला तमुक म्हणतात’ एवढी एक ओळ असली, तर हा सारा गोंधळ टळतो.

असे पत्र कसे असावे, याचा एक नमुना आम्ही येथे देतो. तो कोणत्याही शाळेचा नाही; आम्ही रचलेला आहे. इयत्ता आठवीच्या वर्गाचे शिक्षक जुलैअखेर लिहीत आहेत, असे समजावे.

‘पालकहो, सप्रेम नमस्कार. या महिन्यात आपण पेशी हा घटक पूर्ण केला. मुलांनी कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याची आकृती वहीत काढली आहे. ती आकृती तुम्ही अवश्य पाहा. विटांच्या भिंतीसारखे जे खण दिसतात त्यांना काय म्हणतात, असे मुलांना विचारा. इंग्रजी पुस्तकातला सेल आणि कन्नडमधला जीवकोश म्हणजेच मराठीतली पेशी. पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांतला फरक बऱ्याच मुलांना अजून नीट उमगलेला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो भाग आपण पुन्हा घेऊ. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी का सुटते, हा प्रश्न मुलांना दिला आहे. उत्तर तुम्ही सांगू नका. पण घरात फोडींना मीठ लावून दाखवा. ऑगस्टमध्ये आम्ल, आम्लारी आणि क्षार हा घटक सुरू होईल. त्यासाठी थोडी हळद, लिंबू, चिंच, खाण्याचा सोडा आणि कपडे धुण्याचा साबण एवढेच पाठवा. काहीही मुद्दाम विकत आणू नये. घरी कुंकू कसे करत, हे कुणाच्या आजीला ठाऊक असेल तर त्यांनी ते नातवंडांना सांगावे. वर्गात आम्हाला ते ऐकायचे आहे. सप्टेंबरमध्ये उष्णता हा घटक घेऊ. पालकांपैकी कुणी फौंड्रीत, लोहारकामात किंवा गुऱ्हाळावर काम करत असतील आणि अर्धा तास वर्गात येऊन बोलू शकत असतील, तर कृपया कळवावे.’

या पत्रात चार गोष्टी आहेत. काय झाले, कुठे कच्चे राहिले, पुढे काय येणार, आणि घराने काय द्यावे. अध्ययन-निष्पत्ती, क्षमता-विकास असले कचेरीतले शब्द त्यात नाहीत. गुणांची धमकी नाही आणि खरेदीची यादीही नाही. असे पत्र वाचणारी आई मुलीला ‘अभ्यास झाला का?’ एवढेच विचारून थांबणार नाही. ती आकृती पाहायला मागेल. आणि फौंड्रीतला बाप जेव्हा वर्गात उभा राहून साच्याच्या मापाबद्दल बोलेल, तेव्हा त्याच्या मुलाला आपल्या बापाविषयी आणि त्याच्या भाषेविषयी जे वाटेल, ते दहा भाषणांनी साधणार नाही.

ही मागणी कुणाच्या मेहेरबानीची आहे, असेही समजण्याचे कारण नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपण आज जिथे आहोत तिथे राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलांची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व अभ्यासातली प्रगती यांची माहिती त्यांना देणे, हे त्यांतले एक कर्तव्य आहे. माहिती देणे याचा अर्थ समोरच्याला कळेल अशा भाषेत देणे असाच होतो. न कळणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही केवळ पोच असते.

येथे माध्यमाचा आणि पत्राचा प्रश्न वेगळा ठेवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीचे करता येणार नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, आणि अनेक मराठी पालकांनी तो इंग्रजीच्या बाजूने वापरला आहे. त्यांच्यावर टीका करणे हा या लेखाचा हेतू नाही. मराठी शाळा सुदृढ व्हाव्यात यासाठी आमचा आग्रह कायम आहे. पण ज्या घराने इंग्रजी शाळा निवडली, त्या घराची भाषा त्या दिवशी बदलत नाही. मुलीचे माध्यम इंग्रजी असले तरी तिच्या आईला येणारे पत्र इंग्रजीतच असले पाहिजे, असा नियम कोणत्याही कायद्यात नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की मराठी परिभाषा अवघड आहे. त्यापेक्षा इंग्रजी शब्द बरे. काही शब्द अवघड आहेत, हे मान्य. परंतु मूलद्रव्य, दर्शक, बल, दाब, पेशी हे शब्द कानाला परके नाहीत, आणि त्यांच्यात अर्थाची खूण दिसते. जिथे इंग्रजी शब्द रुळला आहे तिथे तो देवनागरीत खुशाल ठेवावा. ऑक्सिजन म्हटल्याने मराठी बुडत नाही. मराठीतून विज्ञान सांगण्याची परंपरा काल-परवाची नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, तेव्हापासून ती चालू आहे. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आजही तेच काम करते. कोल्हापुरात जन्मून बनारसला वाढलेल्या जयंत नारळीकरांनी तारे आणि विश्वरचना मराठीत समजावली, आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठीने त्यांना दिले. घर मराठी असले तर शाळेची भाषा कोणतीही असो, विज्ञान मराठीत उतरू शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप : पुढे सारे इंग्रजीतच शिकायचे आहे, मग ही दुहेरी मेहनत कशाला? याचे उत्तर हैदराबादने एका अर्थी दिले आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने स्वतंत्र भाषांतर विभाग उभारून विज्ञानाचे, वैद्यकाचे आणि अभियांत्रिकीचेही शिक्षण उर्दूतून दिले. उच्च विज्ञान भारतीय भाषेत शिकवता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले. पण त्याच संस्थानातल्या मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांना ती भाषाही परकीच होती, हा त्या प्रयोगातला दुसरा धडा. विद्यापीठाची भाषा कोणतीही असो, विद्यार्थ्याच्या घराची भाषा त्यात सामील झाली नाही तर ज्ञान वरच्या मजल्यावरच राहते. आम्ही आज उच्च शिक्षणाच्या माध्यमाबद्दल बोलत नाही. आठवीच्या मुलीच्या आईला महिन्यातून एकदा अर्धे पान मराठी मिळावे, एवढेच मागत आहोत.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो सर्वांत गंभीरपणे ऐकला पाहिजे. शिक्षकांवर सर्वेक्षणे, निवडणुका, मध्यान्ह भोजनाच्या नोंदी यांचे ओझे आधीच आहे. शिवाय अनेक शाळांतल्या विज्ञान-शिक्षकांना मराठी लिहिता येत नाही. हे खरे आहे. म्हणून पत्र लिहिण्याचे काम त्यांच्या एकट्यावर टाकू नये. त्यांनी इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये चार मुद्दे द्यावेत. ते मराठीत आणण्याचे काम आपल्या समाजाने करावे. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी शाळांतून निवृत्त झालेले विज्ञान-शिक्षक आहेत. महिन्यातला एक तास त्यांना जड नाही. मोबाइलवरच्या यांत्रिक भाषांतराचा आधार घ्यायलाही हरकत नाही. मात्र पेशी-कोशिका, क्षार-लवण यांसारख्या जागा जाणत्या माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय तो मजकूर घराघरांत जाऊ देऊ नये.

चौथी शंका आमच्या कन्नड भाषिक मित्रांना येऊ शकते : हा कन्नडला विरोध आहे काय? मुळीच नाही. आमची मुले कन्नड शिकतात, आणि त्यांनी ती चांगली शिकावी. वर सुचवलेल्या पत्रात कन्नड संज्ञाही आहे, ती एवढ्याचसाठी. आणि बेळगावात किंवा सोलापुरात एखाद्या कन्नड आईला तिच्या मुलाच्या शाळेचे पत्र कळत नसेल, तर तिलाही ते कन्नडमध्ये मिळाले पाहिजे. जो हक्क आपण मागतो तो दुसऱ्याला नाकारून मागता येत नाही.

प्रत्येक ठिकाणी या कामाचे रूप थोडे वेगळे राहील. गोव्यात अनेक मुलांची प्राथमिक शाळा मराठीत किंवा कोकणीत होते आणि पाचवीपासून त्यांतली बहुतेक इंग्रजीत जातात. विज्ञान नेमके त्याच वेळी गंभीर होऊ लागते. तिथे पाचवी ते सातवी या तीन वर्षांत हे पत्र सर्वांत मोलाचे ठरेल. वडोदऱ्यात सयाजीरावांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. तिथल्या मराठी घरांना शिक्षणाचे महत्त्व सांगावे लागत नाही, पण नातवंडांच्या गुजराती किंवा इंग्रजी विज्ञानाचा मराठीशी सांधा तुटला आहे. तो जोडण्याचे काम तिथल्या मराठी मंडळांनी घ्यावे. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी-मराठी संज्ञांची एक छोटी तुलनात्मक यादी छापून घरोघरी दिली तरी निम्मे काम होईल. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश त्यासाठी हाताशी आहेत.

सीमाभागातली सुरुवात आपण आपल्याच मराठी शाळांपासून करावी. जिथे माध्यमच मराठी आहे तिथे भाषांतराचीही अडचण नाही. इंग्रजी शाळा पत्रक पाठवतात आणि आपल्या शाळा पाठवत नाहीत, हेही पालक पाहत असतात आणि त्यावरून प्रवेशाचा निर्णय घेतात. सरकारी शाळांत पालकांची एसडीएमसी असते. तिच्या पुढच्या बैठकीत एक साधा ठराव मांडावा : विज्ञानाच्या प्रत्येक घटकाच्या आरंभी व अखेरीस पालकांना मराठीत अर्ध्या पानाचे निवेदन मिळावे. खासगी शाळांत हेच लेखी निवेदन मुख्याध्यापकांना द्यावे, आणि त्यासोबत मराठी करून देण्याची तयारी असलेल्या दोन माणसांची नावेही द्यावीत, म्हणजे नकाराला सबब उरणार नाही.

आणि पत्र आले की ते वाचावे. त्यात विचारलेला एक तरी प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलांना विचारावा. शाळेने मराठीत पाठवलेले पत्र आपण न उघडताच राहू दिले, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहणार नाही.